तक्रार शेवटी प्राचार्यांच्याच टेबलावर आली : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : तासिका तत्त्वावर 'बदल' शिकवण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

खुलं पत्र लिहिण्याची माझी सवय नाही. आधी बंद पत्र लिहून पाहिलं. त्याचं काय झालं, ते सांगते.

फेब्रुवारीअखेर मी आपल्या कार्यालयात एक निवेदन दिलं. दीड पानी, मुद्देसूद, शेवटी 'आपली विश्वासू'. मागणी एकच : मागच्या जुलैपासूनचं मानधन महाविद्यालयाने दिलेलं नाही, ते मिळवून द्यावं. आवक शिक्का मारलेली पोच मिळाली तेव्हा तिचा फोटो काढून मी नवऱ्याला पाठवला, एवढी खूश होते. ते निवेदन मंत्रालयातून पुण्याला संचालकांकडे गेलं, तिथून विभागीय सहसंचालकांकडे आणि तिथून 'उचित कार्यवाहीसाठी' आमच्या प्राचार्यांकडे. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच टेबलावर. अकरा आठवडे लागले, पण एकही टप्पा चुकला नाही. प्राचार्यांनी बोलावून घेतलं, कागद माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, घरातलं भांडण चव्हाट्यावर न्यायचं नसतं." गेल्या सोमवारी नव्या वर्षाचं वेळापत्रक ग्रुपवर पडलं. त्यात माझा विषय नाही. त्याऐवजी विद्यार्थ्यांनी ऑनलाइन कोर्स करून क्रेडिट मिळवायचे आहेत. कारण : 'विद्यार्थिसंख्या अपुरी.' मागच्या वर्षी आठ होते, त्याच्या आधी सात. तेव्हा पुरत होते.

आता विषय कोणता, तेही सांगते. एम.एड.च्या दुसऱ्या वर्षाला मी 'उच्च शिक्षणातील संघटनात्मक बदल' हा ऐच्छिक पेपर शिकवते. शिकवत होते. विद्यापीठं कशी बदलतात, का बदलत नाहीत, वरून निघालेला आदेश वर्गाच्या दारापर्यंत येईतो त्याचं काय होतं, असा हा सगळा मामला. हसू नका. मी स्वतः नेट २००९, पीएच.डी. २०१६, आणि चौदा वर्षं सीएचबी, म्हणजे 'क्लॉक अवर बेसिस', म्हणजेच तासिका तत्त्वावर : जितके तास, तितकं मानधन. बदलावर बोलायचा अधिकार माझ्याइतका कुणाला नसेल, कारण माझ्यात चौदा वर्षांत एकही झालेला नाही.

या पेपरात कार्ल वाईक नावाच्या अभ्यासकाचं १९७६ सालचं एक म्हणणं येतं. शिक्षणसंस्थेचे भाग एकमेकांना सैल बांधलेले असतात. कार्यालयात एक गोष्ट ठरते आणि वर्गात दुसरीच चालू राहते. मुलांना हे समजावं म्हणून मी नॅकचं, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेचं उदाहरण देते. समिती येणार म्हटलं की भिंतींना रंग लागतो, दारात रांगोळी येते, सात निकषांच्या सात फायली फुगतात, न झालेल्या बैठकांची इतिवृत्तं तयार होतात. मीही लिहिली आहेत. दोन रात्री बसून तीन वर्षांच्या पालकसभा घेतल्या, पालकांनी मांडलेल्या सूचनांसकट. सूचना चांगल्या होत्या, माझ्याच होत्या. (फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने नॅकच्या पाहणी समितीतल्याच मंडळींना लाचेच्या प्रकरणात अटक केली, तेव्हा आमच्याकडे कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही.)

पण माझ्या निवेदनाचा प्रवास पाहिल्यावर हा भाग मला दुरुस्त करायला हवा. आपल्या खात्याची वीण मुळीच सैल नाही. तक्रार करणाऱ्याचं नाव योग्य माणसापर्यंत पोचवायचं असेल, तर ती चांगली घट्ट आहे. मानधन खाली येतानाच काय ती उसवते.

दुसरा धडा कुर्ट लेविनचा. बदलाचे तीन टप्पे : आधी गोठलेलं वितळवा, मग हलवा, मग नव्या आकारात पुन्हा गोठवा. मागच्या वर्षी हे शिकवत असताना जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करून एम.एड. करणारे एक सर मागच्या बाकावरून म्हणाले, "मॅडम, यात तुमचा टप्पा कुठला?" वर्ग हसला. मीही हसले. घरी येताना एसटीत मात्र विचार करत बसले. दर एप्रिलअखेर माझी नेमणूक संपते, म्हणजे मी वितळते. जूनमध्ये त्याच जागेसाठी, त्याच माणसांपुढे पुन्हा मुलाखतीला बसते. माझी मूळ प्रमाणपत्रं चौदा वेळा तपासून झाली आहेत. दहावीच्या गुणपत्रिकेची घडी आता फाटायला आली. गोठायची पाळी काही येत नाही.

आपल्याला वाटेल, बाई स्वतःचंच रडगाणं गाते आहे. गाते आहे. पण मला जे खरं म्हणायचं आहे ते याच्याशीच जोडलेलं आहे. २९ जुलै २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नवं शैक्षणिक धोरण मंजूर केलं. आपल्या राज्यात २०२३-२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयं आणि पदव्युत्तर वर्गांपासून सुरुवात झाली, २०२४-२५ मध्ये संलग्न महाविद्यालयांचा नंबर लागला. त्यातल्या बऱ्याच गोष्टी मला पटतात, हे प्रामाणिकपणे सांगते. पण मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस (म्हणजे भारतीय ज्ञान प्रणाली) ही विषयांची सगळी नवी वर्गवारी प्रत्यक्षात कोण राबवतं आहे? माझी एक मैत्रीण शेजारच्या तालुक्यात मराठी शिकवते, सीएचबीवरच. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिला सांगितलं, भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर तुम्ही घ्या. पुस्तक विचारलं तर म्हणाले, पीडीएफ येईल. ती अजून यायची आहे. अर्धं सत्र तिने मुलांच्या एबीसी आयडीमागे (मिळवलेली क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक) घालवलं, कारण कुणाच्या आधारला मोबाइल जोडलेला नाही, तर कुणाचं नाव आधारवर वेगळं आणि गुणपत्रिकेवर वेगळं. या कामाचे तास मोजले जात नाहीत. एप्रिलमध्ये तिची नेमणूक संपली. पुढच्या वर्षी त्याच मुलांसमोर दुसरं कुणीतरी असेल आणि पुन्हा पहिल्यापासून विचारेल, आयडी काढला का?

चार वर्षांची पदवी आपण दहा महिन्यांच्या माणसांकडून राबवून घेत आहात. कुठल्याही अभ्यासकाच्या कुठल्याही प्रारूपात हे बसत नाही, मी सगळी शिकवली आहेत.

घाईने केलेल्या बदलाची उदाहरणं वर्गात द्यायला बाहेर जावं लागत नाही. मुंबई विद्यापीठ, स्थापना १८५७. २०१७ च्या उन्हाळ्यात ठरलं, सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायच्या. सतराएक लाख उत्तरपत्रिका, आणि तपासणाऱ्यांना पुरेसा सरावही नाही. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घातली, ती उलटली, मुलांचे बाहेरचे प्रवेश लटकले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावं लागलं. दुसरं उदाहरण दिल्ली विद्यापीठाचं. चार वर्षांची पदवी २०१३ मध्ये आणली, २०१४ मध्ये गुंडाळली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. मधल्या वर्षांत ज्यांनी शिकवलं, त्यांना कुणी विचारलं का? परीक्षेत हा प्रश्न मी दहा गुणांना घालते.

आता पैशांचं. मला तासाला सहाशे रुपये पडतात, आठवड्याला आठ तास. सगळे तास झाले तर वर्षाला दीड लाख. दिवाळी, निवडणुका, परीक्षा, 'आज कार्यक्रम आहे मॅडम, तास नाही' हे वजा केलं की लाख-सव्वा लाख. पूर्वी दर याहून कमी होता, तरी धरून चालू की चौदा वर्षांत पंधरा लाख कमावले. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. माझी चौदा वर्षं तिथे सव्वादोन वर्षांत आटोपतात, तीही महागाई भत्ता सोडून. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० पर्यंत आणि महिन्याला कमाल ५०,००० ठरवून दिले. १,५०० हा आकडा आपल्या सरकारलाही आवडतो. लाडकी बहीण योजनेत तो महिन्याला मिळतो. तो फॉर्म भरायला मी गेले होते. लाज वाटते सांगायला, पण गेले होते. अंगणवाडीताई म्हणाल्या, "अहो मॅडम, तुम्ही प्राध्यापक ना?" नवऱ्याच्या पगारामुळे आमचं घर अडीच लाखांच्या वर गेलं, नाहीतर माझ्या एकटीच्या कमाईवर मी लाडकी ठरले असते. एसटीचं अर्धं तिकीट तेवढं मिळतं. त्याबद्दल आभार. सरकारकडून वेळेवर मिळणारी ती एकच गोष्ट आहे.

आपण म्हणाल, तुमचा विभाग विनाअनुदानित, शासनाचा संबंध येत नाही. कमाल आहे. मान्यता शासनाची, शुल्क ठरवणार शासन, जीआर शासनाचा, परीक्षेला हॉल तिकीट विद्यापीठाचं, आणि पगाराची वेळ आली की मी परक्याची लेक.

आणि अनुदानित जागांचं काय? नोव्हेंबर २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदं भरण्याचा निर्णय निघाला, आम्ही पेढे नाही पण निदान चहा वाटला. मे २०२० मध्ये वित्त विभागाने भरतीच थांबवली. मग २,०८८ पदांचा आकडा आला. दरम्यान बिंदुनामावली (कुठलं पद कुठल्या आरक्षणात, याची यादी), ना हरकत, कार्यभार, आचारसंहिता. अशाच एका जागेच्या मुलाखतीआधी संस्थेच्या फाटकासमोरच्या टपरीवर एकाने मला हळूच विचारलं, "मॅडम, तयारी किती आहे?" मी म्हटलं, चांगली आहे, दोन शोधनिबंध नवे आहेत. तो हसला नाही. त्याला माझं वाईट वाटलं. मग त्याने पाच बोटं दाखवली. मला वाटलं, पाच लाख. ते पाच लाख नव्हते.

चौदा वर्षांत सत्तेवर बहुतेक सगळे पक्ष बसून गेले. निवेदनाची पोच सगळ्यांच्या काळात सारखीच मिळते. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा म्हटलं. १९६८ च्या धोरणात तेच, २०२० च्या धोरणात पुन्हा तेच. माझा जन्म व्हायच्या आधीपासून सहा टक्के येत आहेत. आणि दोष फक्त आपला तरी कसा म्हणू? संस्था काढतात ते आपलेच आमदार, देणगी देऊन चिकटतात ते आपलेच नातेवाईक, आणि कायम झालेले माझेच मित्र संपात आम्हाला पुढे बसवतात, चर्चेला आत जाताना मात्र त्यांना वेतननिश्चितीच आठवते. गावाने माझ्या पीएच.डी.चा सत्कार केला होता. शाल अजून प्लास्टिकमध्ये आहे. वडिलांना लोक पारावर विचारतात, "ताई परमनंट झाली का?" हल्ली ते पारावर जात नाहीत.

पत्र लांबलं. मागण्या दोनच होत्या. जुलै ते एप्रिल असं दहा महिन्यांचं थकलेलं मानधन मिळावं. आणि एखाद्याविरुद्धची तक्रार त्याच्याचकडे पाठवू नये, एवढा एक साधा जीआर काढावा. त्याला तरतूद लागत नाही, बिंदुनामावली लागत नाही. या वर्षी सहा विद्यार्थ्यांनी माझा पेपर लेखी मागितला आहे. त्यांचा अर्ज सोबत जोडला आहे. नावं मुद्दाम झाकली आहेत, कारण आपण समजू शकता.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक सहायक प्राध्यापक

प्रत माहितीसाठी : मा. प्राचार्य. अकरा आठवडे वाचावेत म्हणून त्यांना मीच देऊन ठेवते आहे.