छोट्या हॉटेलांच्या ताटातला न दिसणारा कर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाढत्या खर्चामुळे सरकारने मदतीला यावे, अशी मागणी हॉटेल-रेस्टॉरंट व्यावसायिक करीत आहेत आणि ती रास्त आहे. मात्र गोव्यात या विषयाची चर्चा पर्यटन हंगाम आणि किनाऱ्यावरील गर्दी यांच्याभोवतीच फिरत राहते. फोंडा, डिचोली, कुडचडे येथील बाजारांत सकाळी भाजी-पाव आणि दुपारी शीत-कडी (भात-कालवण) वाढणारी छोटी हॉटेले तिच्यात दिसत नाहीत. अशा काही हॉटेलांचे हिशेब मी सांभाळतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नारळाचे दर अलीकडच्या काळात किती चढले, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. नारळाशिवाय हुमण (माशांचे कालवण) होत नाही आणि सोलकढीही होत नाही. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात नुस्ते, म्हणजे मासळी, महागते ते वेगळेच. किनाऱ्यावरील रेस्टॉरंट हा भार पाहुण्याच्या बिलात घालू शकते. बाजारातील छोट्या हॉटेलात मात्र रोजचेच गिऱ्हाईक येते, दुकानातला कामगार, कदंब या सरकारी बससेवेचा वाहक, तालुक्याच्या कचेरीत कामासाठी आलेला शेतकरी. त्यांच्या ताटाचा दर वाढवताना मालकाचा हात अडखळतो आणि तो बहुधा स्वतःच्या नफ्यालाच कात्री लावतो.

या महागाईवर सरकारचा पूर्ण ताबा नाही, हे मान्य. कराचे तसे नाही. 15 नोव्हेंबर 2017 पासून रेस्टॉरंटच्या जेवणावर 5 टक्के जीएसटी आहे. पण त्याच निर्णयाने खरेदीवर भरलेल्या कराची वजावट काढून घेतली गेली. त्याआधी 12 किंवा 18 टक्के दर होता आणि वजावट मिळत असे. तिचा लाभ अनेक रेस्टॉरंटांनी गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवला नाही, म्हणून ती गेली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. परिणाम असा झाला, की घरगुती सिलिंडरवर 5 टक्के कर असताना हॉटेलातील 19 किलोच्या सिलिंडरवर 18 टक्के लागतो आणि त्यातला एक रुपयाही परत मिळत नाही. ज्यांची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे आणि ज्यांना नोंदणीच लागत नाही, त्यांच्याही सिलिंडरवर तो असतोच. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे टप्पे बदलले, लोणी-तूप 5 टक्क्यांवर आले; हा सिलिंडर होता तिथेच राहिला.

भाड्याची गोष्ट याहून जाचक आहे. 10 ऑक्टोबर 2024 पासून जागेचा मालक जीएसटीत नोंदणीकृत नसला, तरी नोंदणीकृत भाडेकरूने भाड्यावरील 18 टक्के कर स्वतः भरायचा आहे. महिना 30 हजार भाडे असेल, तर वर्षाला 64,800 रुपये झाले आणि 5 टक्क्यांच्या दरात त्याचीही वजावट नाही. जानेवारी 2025 मध्ये कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना यातून वगळले गेले, ते बरे झाले. पण त्या योजनेत गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही. उलाढालीवरील 5 टक्के मालकाच्या खिशातून जातात. दोन्ही वाटांनी भार त्याच्याच डोक्यावर येतो.

म्हणून सरकारी मदत म्हणजे अनुदान किंवा स्वस्त कर्ज, असे मला वाटत नाही. कर्ज तर या माणसांना नकोच आहे. 2018 मध्ये खाणी बंद झाल्यावर आणि पुन्हा 2020 च्या टाळेबंदीत कर्ज काढून तग धरलेल्यांचे हाल मी वह्यांमधून पाहिले आहेत. व्यावसायिक सिलिंडरवरील कर 5 टक्क्यांवर आणावा आणि 5 टक्क्यांच्या दरातील छोट्या हॉटेलांनाही भाड्यावरील या करातून वगळावे, एवढे केले तरी दर महिन्याचा श्वास मोकळा होईल. परवान्यांची नूतनीकरणे एका खिडकीवर होणे हे राज्याच्या हातात आहे. त्यासाठी दिल्लीकडे पाहावे लागत नाही.

कर मात्र जीएसटी परिषदेत ठरतो. तेथे राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश वजन आहे आणि प्रत्येक राज्याचे मत सारखे मोजले जाते, म्हणजे गोव्याचे मत उत्तर प्रदेशाच्या मताएवढेच आहे. राज्य सरकारने परिषदेच्या पुढच्या बैठकीआधी हा प्रस्ताव लेखी मांडावा आणि व्यावसायिकांच्या संघटनांनीही आपल्या निवेदनात किनाऱ्यावरील मागण्यांच्या आधी सिलिंडर आणि भाडे यांना जागा द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक करसल्लागार, फोंडा