फेस्ताची जेवणावळ आणि थर्मोकोलच्या प्लेटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या चर्चच्या फेस्ताचा, म्हणजे सणाचा, हिशेब गेली अकरा वर्षे मी ठेवतो. त्यामुळे पुढे लिहितोय त्यातला निम्मा दोष माझाच. प्लेटींच्या बिलावर सही माझी असते.

8 सप्टेंबरला मोंतीचे फेस्त, म्हणजे मरियामातेच्या जन्माचा सण. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, भाताच्या नव्या लोंब्यांवर आशीर्वाद मागतात. यंदा फादरनी प्रवचनात पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली सृष्टीविषयी लिहिलेल्या परिपत्रकाचा विषय काढला. 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा सृष्टीसाठी प्रार्थना करण्याचा काळ, हेही सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुपारी सहाशे माणसे थर्मोकोलच्या प्लेटींत जेवली.

संध्याकाळी त्या प्लेटी विहिरीमागे पेटवल्या. पावसात भिजलेल्या, धड जळेनात. काळा धूर शेजाऱ्यांच्या गोठ्यात शिरला, त्यांची म्हैस रात्रभर खोकत होती. सकाळी पाहिले तर राखेत वितळलेला गोळा, त्याला भाताची शिते चिकटलेली. उरल्यासुरल्या प्लेटी ओढ्याने नेल्या. आमचा ओढा मलप्रभेला मिळतो आणि त्या नदीचे पाणी खाली सौंदत्तीच्या धरणातून हुबळी-धारवाडचे लोक पितात.

1 जुलै 2022 पासून या प्लेटींवर देशभर बंदी आहे. बाजारात मात्र मागाल तितक्या मिळतात.

कमिटीत मी स्टीलच्या ताटांचा विषय काढला. गावच्या देवळात महाप्रसादाची ताटे आहेत, घरच्या लग्नाला आम्हीही ती नेतो. फेस्ताला मागायला तेवढा संकोच. पण अडले ते वेगळ्याच ठिकाणी. एक काकू म्हणाल्या, ''घासणार कोण?'' काकूंचे बरोबर आहे. आदल्या रात्रीपासून चुलीपुढे बायाच असतात, वर ताटेही त्यांच्याच गळ्यात. म्हणून माझे म्हणणे, घरटी आपापले ताट-वाटी आणावी आणि ज्याने त्याने जेवल्यावर धुवावी. पाहुण्यांपुरती ताटे देवळातून आणू, ती बाप्यांनी घासावीत. सुरुवात मी करतो.

''पाणी कुठून?'' हा पुढचा प्रश्न. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आमच्या चर्चचे छप्पर ढोबळ मानाने 300 चौरस मीटर. म्हणजे 10 मिलिमीटरच्या एका सरीत 3000 लिटर. ताटामागे दोन लिटर धरले तरी सहाशे ताटांना 1200 लिटर पुरे. आणि आपल्याकडे सप्टेंबरात पाऊस काही रुसत नाही! सध्या ते सगळे पन्हळीतून अंगणात पडते आणि चिखल करते. एक टाकी आणि एक पाइप, इतकाच खर्च आहे. यंदाच्या शिलकीत तो बसतो, आकडे माझ्याकडे आहेत.

पुढच्या फेस्ताला प्लेटींच्या बिलावर मी सही करणार नाही, हे कमिटीला कळवले आहे. बेळगाव भागात कुठल्या चर्चने भांडी घेतली असतील, तर घासायची व्यवस्था कशी लावली ते याच सदरातून कळवावे. काकूंना उत्तर द्यायचे आहे.

आपला,
एक हिशेबनीस, खानापूर तालुका