खांदेरीच्या दिव्याखालून

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

तुझं जहाज मुंबईला येताना ज्या दीपगृहाच्या दिव्याजवळून येणार, तो डोळ्यांनी बघावा असं कधीचं मनात होतं. काल मी आणि बाबा अलिबागजवळच्या थळहून होडीने खांदेरीच्या बेटावरच्या किल्ल्यावर जाऊन आलो.

आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. तटाच्या पायथ्याच्या दगडांवर कालवं गच्च चिकटलेली, कडा सुरीसारख्या. बाबा म्हणाले, इथे रात्री अनवाणी उतरणाऱ्याची काय गत होत असेल!

हा किल्ला बांधताना काय झालं, ते तुझ्यासारख्या दर्यावर्दी पोराने विसरू नये. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या हुकमाने त्यांच्या आरमारातल्या मायनाक भंडारीने इथे काम काढलं. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला इंग्रजांना कसा खपावा? त्यांनी जहाजांचा वेढा घातला. पण वारा पडला की ती मोठी जहाजं जागच्या जागी, आणि आपली वल्ह्यांची होडकी अंधारात उथळ पाण्यातून रसद घेऊन बेटावर हजर. ऑक्टोबरातल्या लढाईत इंग्रजांचं ‘डोव्ह’ जहाज आपल्या हाती लागलं. किल्ला उभा राहिला तो राहिलाच. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता!

पुढे बेट इंग्रजांकडे गेलं आणि १८६७ मध्ये त्यांनीच इथे दीपगृह बांधलं. ज्या खडकावरून त्यांची जहाजं अडवली जायची, त्याच खडकावर जहाजांना वाट दाखवायला दिवा. मला याचं वाईट वाटत नाही. थळच्या कोळ्याच्या होडीला आणि तुमच्या अजस्र जहाजाला तो उजेड सारखाच मिळतो.

प्रत्येक दीपगृहाच्या झोताची लय वेगळी, सेकंद मोजून दिवा ओळखायचा, हे तूच मला शिकवलंस. आता यंत्रावर सगळं दिसतं, पण रात्रीच्या पाळीला जहाजाच्या ब्रिजवर असशील तेव्हा हा दिवा स्वतःच्या डोळ्यांनी मोज. माझ्यासाठी तरी मोज.

बेटावर एक दगड आहे, त्यावर दुसरा दगड आपटला की धातूसारखा खणखणतो. बाबा लहान मुलासारखे वाजवत बसले होते. वेताळाच्या देवळात तुझ्या नावाने नारळ वाढवला. कोळ्यांचा हा देव जागृत आहे, दर्यावर जाणाऱ्यांची काळजी घेतो, असं होडीवाले दादा म्हणाले.

पावसाळ्यात होडी जात नाही. तेव्हा रजा दिवाळीनंतरची मिळते का बघ, म्हणजे तिघं जाऊ.

तुझी,
आई