लिंबे तडकली ती पाण्यामुळे

संपादक महोदय,

जूनचा पहिला मोठा पाऊस पडला आणि माझ्या कुळागरातली, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेतली, पंचवीसेक कागदी लिंबे झाडावरच तडकली. देठाच्या उलट टोकापासून साल उभी चिरलेली, आत मुंग्या. शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली! अहो, कसली दृष्ट? मे महिन्यात विजेचा दाब कमी म्हणून पंप चालेना, तीन आठवडे शिंपणे चुकले. साल ताठरली. मग एकदम पाणी मिळताच गर फुगला, सालीला ताण सोसवेना. त्यात आपली जांभ्याची जमीन ओल धरत नाही. पाटाकडेचे एक झाड आहे, त्याचे आळे मी चुडतांनी, म्हणजे माडाच्या झावळ्यांनी, झाकले होते. त्याचे एकही फळ फुटले नाही. पुढच्या मे महिन्यात तरी पंपापुरती वीज मिळेल का?

– एक बागायतदार, सावईवेरे (गोवा)