उडी कितीची, हे आधी कागदावर येऊ द्या

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

सिनेमात आणि मालिकांत नटांच्या जागी पडणारी, पेटणारी, गाडीसकट उलटणारी जी माणसं असतात, त्यांच्यातला मी एक. आता पडत नाही. गुडघे संपले, म्हणून दुसऱ्यांच्या केबल आणि हार्नेस, म्हणजे लटकताना अंगाला बांधायचे पट्टे, तपासतो. आमच्या धंद्यात यालाच बढती म्हणतात. त्यातून एखादा फाईट मास्टर, म्हणजे मारामारी आणि स्टंट बसवणारा, होतो. बाकीचे कुठे जातात, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत दृक्‌श्राव्य कामगारांमध्ये स्टंट करणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि त्यात सुरक्षिततेबद्दलही लिहिलेलं हवं, असं ती म्हणते. वाचून बरं वाटलं. पण लेखी कराराची अट १९८१ च्या सिने कामगार कायद्यातही होतीच की! आम्हाला मात्र फोन येतो: उद्या सकाळी सातला पोच, काळे बूट आण. काम काय आहे ते सेटवर गेल्यावर कळतं.

आणि जे कळतं तेही दुपारपर्यंत टिकत नाही. पहिल्या मजल्यावरून ठरलेली उडी कॅमेऱ्यात ठेंगणी दिसते, म्हणून ती दुसऱ्या मजल्यावर जाते. खाली एअरबॅग मात्र तीच. प्रत्येक एअरबॅग ठरावीक उंचीपर्यंतच माणसाला झेलते, त्यापुढे ती असून नसल्यासारखी. हे सेटवर मास्टरला माहीत असतं, उडी मारणाऱ्यालाही माहीत असतं. पण उजेड चाललेला असतो, नट निघायच्या घाईत असतो, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला पुढचा फोन येत नाही.

१३ जुलै २०२५ ला तमिळनाडूत नागपट्टिनम जिल्ह्यात गाडी उलटवण्याच्या दृश्यात एक स्टंट कलाकार गेला. नवखा नव्हता, चांगला मुरलेला होता. त्याआधी ७ नोव्हेंबर २०१६ ला बंगळूरजवळच्या जलाशयात हेलिकॉप्टरमधून उड्या मारलेले दोन नट बुडाले. अंगावर लाईफ जॅकेट नव्हती. अशा बातम्या दोन दिवस चालतात, मग सगळे शूटिंगला लागतात. आम्हीसुद्धा. पोट आहे ना.

पण साहेब, मरण ही आमच्या धंद्यातली नेहमीची गोष्ट नाही. नेहमीची गोष्ट म्हणजे झिजणं, आणि मला जास्त बोलायचंय ते त्याबद्दल. डोक्याला मार बसतो, रक्त दिसत नाही, म्हणून लगेच दुसरा टेक होतो. मान आखडते, कंबर धरते, आणि पुढच्या आठवड्यात तीच कंबर दुसऱ्या निर्मात्याच्या जिन्यावरून गडगडत येते. नुकसानभरपाई मागायची तर अमुक दिवशी, अमुक सेटवर अपघात झाला, असं दाखवावं लागतं. वीस वर्षांत वीसेक निर्मात्यांकडे वाटून गेलेल्या गुडघ्याचा मालक कोण? कुणीच नाही. मुलींचे हाल तर याहून वाईट. नटाच्या जाकिटाखाली पॅड लपतात, नायिकेच्या बिनबाह्यांच्या कपड्यात काय लपवणार? ‘शोले’त हेमा मालिनींच्या जागी रेश्मा पठाण यांनी टांगा हाकला, त्याला पन्नास वर्षं झाली. तरीही कित्येक सेटवर मुलीला बोलावण्याऐवजी पोराला विग चढवतात.

विम्याचं म्हणाल, तर विमा कंपन्या आम्हाला दारात उभं करत नव्हत्या. २०१७ मध्ये अक्षय कुमार यांनी पुढाकार घेतला आणि शेकडो जणांना छत्र मिळालं. त्यांचे उपकार आहेत. पण कामगाराचा विमा एखाद्या नटाच्या मोठ्या मनावर सोडायचा नसतो, ती निर्मात्याची आणि शासनाची जबाबदारी आहे.

संहिता केंद्राची असली तरी राज्यातली अंमलबजावणी तुमच्याकडे आहे. निरीक्षक रोज प्रत्येक सेटवर पोचणार नाही, हे मलाही कळतं. पण चित्रीकरणाच्या परवानगीसाठी राज्याची एक खिडकी योजना आहे, तिथेच हे अडवा. अर्जासोबत स्टंटचा कागद जोडायला लावा: उंची किती, वेग किती, आग किती सेकंद, खाली काय अंथरलंय, विझवणारा कोण, रुग्णवाहिका कुठे उभी राहणार. सेटवर यातलं काहीही बदललं तर मास्टर आणि स्टंट करणारा, दोघांची नवी सही घेतल्याशिवाय कॅमेरा सुरू होता कामा नये. दोन मिनिटांचं काम आहे. तेवढ्यात मेकअपवालाही पावडर लावून घेतो.

झिजण्यासाठी याच कागदांचा उपयोग होईल. प्रत्येक कामाची नोंद राहिली, तर पंचेचाळिशीत गुडघा घेऊन दारात आलेल्या माणसाला ‘पुरावा काय?’ असं विचारायची वेळ येणार नाही, आणि त्याच्या उपचारांचा खर्च त्याने ज्यांच्यासाठी कामं केली त्या सगळ्यांवर वाटून टाकता येईल. हा हिशेब कसा करायचा, ते तुमचे अधिकारी माझ्यापेक्षा बरं सांगतील.

कागदाचा नमुना आम्ही काही जण मिळून तयार करून देतो. भेटीची वेळ कळवा. जमल्यास संध्याकाळची द्या, सकाळी सातची शिफ्ट असते.

आपला,
एक स्टंट कलाकार
मुंबई