बाबा, तुमच्या कमिटीच्या प्रश्नाबद्दल

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आता चर्चने नेमकं करायचं तरी काय?" मी दोन वाक्यं बोलले नाही तोच आपले आवाज चढले. आई मध्ये पडली म्हणून निभावलं. पत्रात तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही, म्हणून लिहायला बसलेय.

तुमच्या चर्चच्या कमिटीपुढे दोन सूचना आहेत म्हणालात. उपासना तासाभरात आटोपायची आणि तरुणांसाठी गिटार-ड्रम आणायचे. तुमचा दोन्हींना विरोध, आणि मी त्यांच्याच बाजूची असणार हे तुम्ही धरूनच चाललात. तसं नाहीये. गिटारशी माझं वैर नाही, पण हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय. १९७५ मध्ये शिकागोजवळ विलो क्रीक नावाचं चर्च सुरू झालं. सुरू करणाऱ्यांनी आधी घरोघरी जाऊन विचारलं, तुम्ही चर्चला का जात नाही? लोकांच्या तक्रारी ऐकल्या आणि त्यांच्या मापाने उपासना बेतली. नाट्यप्रवेश, नवं संगीत, रोजच्या अडचणींवर संदेश. लोक हजारोंनी आले, आणि कितीतरी देशांतल्या चर्चनी तोच कित्ता गिरवला. मग २००७ मध्ये त्याच चर्चने स्वतःच्या पाहणीचे निष्कर्ष छापले. कार्यक्रमांना जितकी जास्त हजेरी तितकी विश्वासात वाढ, हे त्यांचं गृहीतक टिकलं नव्हतं. आपल्याच यशाची अशी जाहीर झडती घेतली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आता खूश होऊन पत्र मिटू नका. जसं आहे तसं रेटत राहायचं, हेही उत्तर नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २०११ मध्ये ५९.३ टक्के होते, २०२१ मध्ये ४६.२ टक्के उरले. उपासना थोडी लांबली म्हणून एवढी माणसं जात नाहीत. युरोपातल्या चर्चला फार जुनी सवय लागली होती. ३१३ साली रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांना मोकळीक मिळाली, ३८० साली त्यांचा धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला, आणि पुढे शतकानुशतकं मूल जन्मलं की ते मंडळीतच, म्हणजे चर्चच्या माणसांतच, जन्मलं असं धरलं जायचं. आपण कशासाठी आहोत, हे विचारायची गरजच पडली नाही. आता समाजाने टेकू काढून घेतल्यावर तो प्रश्न पुढे आलाय. फार उशिरा आला, असं माझं मत.

बाबा, बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचा तुमच्या आवडीचा २९ वा अध्याय काढा. यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवान करून नेलेल्यांना त्याने पाठवलेलं पत्र आहे ते. ना मंदिर, ना राजा, भोवती परकी भाषा. अशा लोकांना तो सांगतो की घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा आणि ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. परत कधी जाणार, याचे दिवस मोजत बसा असं तो सांगत नाही. बाबेलमध्ये मिसळून जा, असंही नाही. मला वाटतं, तुमच्या कमिटीने आधी हे वाचावं आणि मग घड्याळाकडे बघावं.

लेस्ली न्यूबिगिन यांचं नाव तुम्हाला माहीत असेलच. १९३६ मध्ये ते मिशनरी म्हणून दक्षिण भारतात आले, १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाच्या पहिल्या बिशपांपैकी एक झाले. १९७४ मध्ये ब्रिटनला परतले तेव्हा, जिथून मिशनरी निघायचे तो देशच मिशनचं क्षेत्र झालाय असं त्यांच्या लक्षात आलं. तिथे सगळ्यात काय खटकलं, तर लोकांमधली आशाच नाहीशी झालेली. मग सत्तरी गाठल्यावर या माणसाने काय करावं? बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन या गरीब वस्तीत, तुरुंगाजवळच्या एका छोट्या मंडळीचं पाळकपण घेतलं. ती बंद करायचं घाटत होतं. तिथल्या थंड तुच्छतेला तोंड देणं भारतातल्या कुठल्याही विरोधापेक्षा अवघड होतं, असं त्यांनी लिहून ठेवलंय. बिशप म्हणून मान मिळवलेल्या माणसाला ती तुच्छता किती झोंबली असेल! तरी ते लोकांच्या आवडीप्रमाणे सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, पातळ करायला गेले नाहीत की "जमाना बिघडला" म्हणून गेटला कुलूप लावून बसले नाहीत. सुवार्ता लोकांना खरी कशाने वाटेल? तिच्यावर विश्वास ठेवून तसं जगणारी एक मंडळी बघून, हे त्यांचं उत्तर. बैठकीत मला बोलू दिलं असतं तर मी एवढंच सांगितलं असतं.

दिट्रिश बॉनहोफर या जर्मन पाळकांनी १९४४ मध्ये नाझींच्या तुरुंगातून लिहिलं की चर्च दुसऱ्यांसाठी असेल तरच ते चर्च, आणि सुरुवात म्हणून त्याने आपली मालमत्ता गरजूंना देऊन टाकावी. (तुमच्या खजिनदारांना हे वाचून दाखवू नका.)

"म्हणजे आता समाजसेवी संस्था व्हायचं का?" हा तुमचा पुढचा प्रश्न मला इथवर ऐकू येतोय. नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये, निवड झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ख्रिस्ताला कबूल केलं नाही तर आपली एक बिचारी एनजीओ होईल असं बजावलं. आणि त्याच वर्षी, दारं लावून आजारी पडलेल्या चर्चपेक्षा रस्त्यावर उतरून जखमी झालेलं, मळलेलं चर्च मला चालेल, असंही लिहिलं. मला दोन्ही एकदम हवंय. एकच निवडणं सोपं असतं, म्हणून बहुतेक मंडळ्या तेवढंच करतात.

आई, तुला आवडेल असं एक सांगते. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळच्या एका मंडळीने 'मेसी चर्च' सुरू केलं. मुलांना सोडून घरी जायचं नाही, मोठ्यांनीही थांबायचं. टेबलांवर रंग, गोंद, कागदाचे कपटे. लेकरांबरोबर आजोबाही बोटं बरबटून घेतात. मग बायबलमधली एक गोष्ट, एखादं गीत, छोटीशी प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांचं एकत्र जेवण. बहुतेक ठिकाणी हे महिन्यातून एकदा होतं, आणि रविवारीच असं नाही. आता हे अनेक देशांत चालतं. एकाच आवडीच्या माणसांची मंडळी म्हणजे क्लब, हा बाबांचा आक्षेप मला मान्य आहे, पण इथे चार वर्षांचं पोर आणि आजोबा एकाच टेबलाशी असतात. आपल्या उपासनेत ते कधी एकमेकांशी बोलतात?

टेबलावरून आठवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॅटिकनला सिनडची, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या सल्लामसलतीची, सभा भरली, तेव्हा रांगांत खुर्च्या न मांडता गोल टेबलं मांडली होती. कार्डिनल, बिशप, धर्मभगिनी, साधे विश्वासी, सगळे एकत्र. काही जणांचं बोलून झालं की सगळे गप्प राहून प्रार्थना करायचे आणि मग पुढचं बोलणं. बायकांना तिथे पहिल्यांदाच मताचा अधिकार होता. यातून पुढे किती बदलेल याबद्दल मी फार आशावादी नाही, पण ऐकायची ती रीत मला पटली.

तुमच्या कमिटीच्या अहवालात हजेरी असते आणि अर्पण असतं. कोण यायचं थांबलं आणि का, हे त्यात नसतं. ते आईला ठाऊक असतं. घटस्फोटानंतर त्या मुलीला दारातच कोण काय बोललं, नोकरी गेल्यावर अर्पणाची थाळी पुढे आली की कुणाला मान खाली घालावी लागायची, हे तिला कुणी अहवाल लिहून कळवलेलं नाही. ती फोन करते, विचारते, ऐकून घेते. मंडळी कशासाठी असते, हे आपल्या घरात तिला सगळ्यात आधी कळलंय.

बाबा, तुमची मुदत या वर्षी संपतेय ना? तुमच्या जागी आईचं नाव सुचवा. आणि आई, "मला काय कळतंय त्यातलं" असं म्हणू नकोस. उपासनेच्या वेळेवर मत द्यायची पाळी आली तर बाबांच्या विरुद्ध दिलंस तरी चालेल.

तुमची लेक