गोळी स्वतःहून थांबवू नकोस

नाशिक

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कंपासपेटीत तू न घेता ठेवलेल्या प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टिरॉइडच्या, गोळ्या सापडल्या, त्याबद्दल तुला कोणीही रागावणार नाही. चेहरा गोल झाला आहे, गणवेश कमरेला घट्ट होतो आणि वर्गातल्या काही मुली त्यावरून चिडवतात, हे आम्हाला दिसते आहे. सहावीतल्या मुलीने हे सगळे मुकाट्याने सोसावे अशी माझी अपेक्षा नाही. पण ही गोळी तुझ्या शरीरात काय करते हे तुला नीट कळायला हवे, म्हणून मोठ्या माणसाला लिहावे तसे लिहितो आहे.

तुला झालेल्या नेफ्रॉटिक सिंड्रोम या आजारात मूत्रपिंडांची गाळणी सैल होते, रक्तातली प्रथिने लघवीवाटे निघून जातात आणि अंगावर सूज येते. ती गळती थांबवण्यासाठी स्टिरॉइड द्यावे लागते. आजार उलटला, म्हणजे पुन्हा उफाळला, की आधी रोज पूर्ण मात्रा, लघवी सलग ३ दिवस स्वच्छ (प्रथिनांशिवाय) आली की दिवसाआड कमी मात्रा, असा तो क्रम असतो. दिवसाआड गोळी देण्यामागे तुझी उंची नीट वाढावी आणि बाकीचे त्रासही कमी व्हावेत हाच हेतू आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक मूत्रपिंडाच्या वर एक लहानशी ग्रंथी असते आणि ती कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करते. ताप, जखम, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी शरीर त्याच्याच आधारावर तग धरते. कित्येक आठवडे बाहेरून स्टिरॉइड मिळाले की ही ग्रंथी आपले काम मंदावते आणि पुन्हा पूर्ववत व्हायला तिला वेळ लागतो. अशा वेळी गोळी एकदम बंद झाली तर उलट्या, कमालीचा थकवा, रक्तदाब आणि साखर उतरणे असे प्रकार होऊ शकतात, आणि ते जिवावरही बेतू शकते. म्हणून मात्रा फक्त डॉक्टर कमी करतील. तू नाही, आणि मीही नाही. तुला ताप आला किंवा उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर त्याच दिवशी त्यांना कळवायचे, कारण तेव्हा मात्रा कमी करायची नसते, कधीकधी वाढवावी लागते.

चेहऱ्याचा गोलपणा, मुरमे आणि गालांवरची लव मात्रा उतरल्यावर काही महिन्यांत ओसरते. वजनाचे मात्र आपल्याला बघावे लागेल, कारण या गोळीने भूक खरोखरच वाढते; तू हावरट झालेली नाहीस. भूक लागली की काकडी, गाजर, मुरमुरे, नाचणीची भाकरी, ताक असे काही खा. मीठ अंगात पाणी धरून ठेवते आणि रक्तदाब वाढवते, म्हणून चिवडा, फरसाण, लोणचे आणि मिसळीबरोबरचा पापड सध्या बंद. हा नियम घरात सगळ्यांनाच लागू केला आहे, तुला एकटीला वेगळे ताट वाढले जाणार नाही. हाडांसाठी दूध आणि डॉक्टरांनी दिलेले कॅल्शियम घे, आणि संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानावर माझ्याबरोबर चालायला ये.

गोळी सकाळी नाश्त्यानंतरच घ्यायची. शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉलही सकाळीच सर्वाधिक असते आणि उशिरा घेतलेली गोळी झोप उडवते. रिकाम्या पोटी घेतली तर पोटात जळजळते. हल्ली तुला विनाकारण रडू येते, आईवर चिडायला होते, त्यातही या औषधाचा वाटा असू शकतो. तसे वाटले की सांग, आम्ही समजून घेऊ.

स्टिरॉइडमुळे जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद घटते आणि कधीकधी तापसुद्धा दबून राहतो. वर्गात कुणाला कांजिण्या आल्याचे कळले, तर तुला काही होत नसले तरी त्याच दिवशी घरी सांग. पोटात जोरात दुखून ताप आला तर रात्र असली तरी दवाखान्यात जायचे. चैत्रातल्या रथयात्रेच्या गर्दीत यंदा तुला नेणार नाही, याचे वाईट वाटून घेऊ नकोस. डोळ्यांची तपासणीही चुकवायची नाही, कारण दीर्घकाळच्या स्टिरॉइडने मोतीबिंदू होऊ शकतो किंवा डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि सुरुवातीला ते आपल्याला जाणवत नाही. कोणतीही लस किंवा दुखण्यावरची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचे.

सकाळच्या लघवीतली प्रथिने दाखवणारी पट्टी बघून वहीत नोंद तूच करतेस, ती तशीच चालू ठेव. पट्टीवर प्रथिनांचे प्रमाण सलग ३ दिवस ३+ किंवा त्याहून अधिक आले तर आजार उलटला असे धरतात. पण त्याची वाट न पाहता पट्टीचा रंग बदलू लागला की मला दाखव. टाळलेल्या गोळ्यांच्या तारखा आठवतील तशा त्या वहीत लिही, कारण पुढची मात्रा ठरवताना डॉक्टरांना त्या लागतील, आणि मी आजच त्यांना फोन करून ही गोष्ट कळवणार आहे. येत्या तपासणीला 'मात्रा कधी उतरेल' आणि 'स्टिरॉइड कमी करता येईल असे दुसरे औषध मला चालेल का' हे दोन्ही प्रश्न तूच विचार. असे औषध काही मुलांना देतात, त्यामुळे हा प्रश्न विचारण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. तुझ्या वर्गशिक्षिकांशी चिडवण्याबद्दल मी बोलू का, तेही सांग. तुझ्या परवानगीशिवाय मी बोलणार नाही.

तुझे,
बाबा